शॉर्ट डॉक्युमेंट्री ऑनलाइन कुठे मिळते? आधी पैसे कोणी घातले ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका फेस्टिव्हलला वीस-पंचवीस मिनिटांची डॉक्युमेंट्री बघितली, आवडली, आता घरच्यांना दाखवायचीय. नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टार सगळीकडे नाव टाकून झालं, जस्टवॉचवर (कुठली फिल्म कुठल्या ओटीटीवर आहे ते सांगणारी साइट) पण काही येत नाही, मग ती ऑनलाइन आहे की नाही आणि असली तर कुठे? मी एका फिल्म सोसायटीत डॉक्युमेंट्री निवडायचं आणि मिळवायचं काम बरीच वर्षं करतोय, हा प्रश्न सारखा येतो, आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं की फिल्मचं नाव घेऊन फिरण्याआधी तिचा मालक शोधा. पैसे कोणी घातले आणि हक्क आज कोणाकडे आहेत एवढं कळलं की बहुतेक वेळा फिल्म सापडतेच, आणि नाही सापडली तरी का नाही ते तरी कळतं.

कारण बघा, दोन तासांच्या सिनेमाचा रस्ता ठरलेला असतो, थिएटर, मग ओटीटी, मग टीव्ही. वीस मिनिटांच्या फिल्मला असा रस्ताच नाही. थिएटरवाला ती एकटी लावणार नाही, आणि ओटीटीवाल्याला एक सुटी छोटी फिल्म घेऊन करायचंय काय, त्याला आठ भागांची सीरिज पाहिजे. मग ती फिल्म जाते कुठे तर जिथून पैसे आले तिथेच. वर्तमानपत्राने करवून घेतली असेल तर त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर, सरकारने केली असेल तर सरकारी चॅनेलवर, एनजीओची असेल तर एनजीओच्या साइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, आणि कोणीच नसेल, दिग्दर्शकाने स्वतःच्या खिशातून केली असेल, तर त्याच्या विमिओ (यूट्यूबसारखीच व्हिडिओची साइट) अकाउंटला, बरेचदा पासवर्ड लावून. जस्टवॉच या सगळ्या जागा नीट धुंडाळत नाही, ते मुख्यतः मोठ्या ओटीटी आणि भाड्याने देणाऱ्या दुकानांचा हिशोब ठेवतं आणि तोही देशाप्रमाणे वेगळा, त्यामुळे शॉर्टच्या बाबतीत तिथे 'उपलब्ध नाही' दिसलं तर त्याला फारसा अर्थ नसतो. लेटरबॉक्स्डवर (बघितलेल्या सिनेमांची नोंद ठेवायची साइट) 'कुठे बघाल' म्हणून जे दिसतं ते पण जस्टवॉचवरूनच येतं, म्हणजे दोन ठिकाणी शोधलं असं वाटतं पण शोधलेलं एकाच ठिकाणी असतं.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'कोलेट'. अँथनी जियाकिनोची फिल्म, पंचवीसेक मिनिटांची. फ्रान्समधल्या नव्वदीच्या एक बाई, तरुणपणी नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होत्या, भाऊ जर्मन छळछावणीत मेला, आणि एवढ्या वर्षांत कधी जर्मनीत पाऊल न टाकलेल्या त्या बाई पहिल्यांदा ती जागा बघायला जातात. २०२१ चं शॉर्ट डॉक्युमेंट्रीचं ऑस्कर हिला मिळालं. आता एवढी मोठी फिल्म म्हणजे नेटफ्लिक्सवर असणार असं कोणालाही वाटेल, पण हिला पैसे घातले होते व्हिडिओ गेमवाल्यांनी! 'मेडल ऑफ ऑनर' नावाच्या व्हीआर गेमसोबत द्यायला ती केली होती, आणि नंतर ती घेतली ब्रिटनच्या गार्डियन वर्तमानपत्राने. म्हणजे गार्डियनच्या यूट्यूब चॅनेलवर जाऊन बघायची, फुकट. हे जोपर्यंत माहीत नाही तोपर्यंत माणूस दहा ॲपमधे नाव टाइप करत बसतो.

परदेशी शॉर्ट असेल तर माझा पहिला अंदाज वर्तमानपत्राचाच असतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ पासून ऑप-डॉक्स नावाने हे सुरू केलं, 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' ही बेन प्राउडफूटची फिल्म (२०२२ चं ऑस्कर) त्यातलीच. पुढे याच प्राउडफूटने क्रिस बोवर्सबरोबर केलेली 'द लास्ट रिपेअर शॉप' लॉस एंजेलिस टाइम्सच्या शॉर्ट डॉक्समधून आली, शाळांमधल्या मुलांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांवरची, २०२४ चं ऑस्कर, यूट्यूबवर पूर्ण आहे आणि माझ्या मते घरात सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी आहे, आजीपासून नातवापर्यंत. न्यूयॉर्कर मासिकाचा पण असाच मोठा साठा आहे, अल जझीराचा 'विटनेस' आहे. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पेपरच्या वेबसाइटवर गेलात तर सबस्क्रिप्शन मागतील, तीच फिल्म त्यांच्याच यूट्यूब चॅनेलवर बरेचदा तशीच मोकळी असते.

आणि यूट्यूबवर शोधायची पण पद्धत आहे. वरच्या मोठ्या सर्चमधे नाव टाकलं की ट्रेलर, रिव्ह्यू, रिॲक्शन, 'एंडिंग एक्सप्लेन्ड' असला सगळा कचरा आधी येतो आणि खरी फिल्म कुठेतरी खाली. त्याऐवजी आधी त्या चॅनेलवर जा आणि चॅनेलच्या पानावर जे छोटं भिंग असतं ना, त्यात शोधा, ते फक्त त्या चॅनेलमधलं दाखवतं. चॅनेल माहीत नसेल तर फिल्टरमधे जाऊन वीस मिनिटांच्या वरचे व्हिडिओ असं निवडा, अर्धा कचरा तिथेच गळतो. शिवाय नावापेक्षा दिग्दर्शकाचं आडनाव आणि साल टाकणं जास्त कामाचं, कारण शॉर्ट डॉक्युमेंट्रींची नावं फार साधी असतात, 'घर', 'पाणी', 'आई' असल्या नावाने काय सापडणार.

ओटीटीवर शॉर्ट डॉक्युमेंट्री नसतातच असं नाही, पण त्या मुख्यतः त्यांनी स्वतः घेतलेल्या किंवा करवलेल्या, आणि तुम्हाला त्या बहुतेक आधीच माहीत असतात. कार्तिकी गोन्साल्विसची 'द एलिफंट व्हिस्परर्स' नेटफ्लिक्सवरच आहे. हापूडच्या सॅनिटरी पॅड करणाऱ्या बायकांवरची 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' पण नेटफ्लिक्सचीच, पण ती एप्रिल २०२० मधे, शाळा बंद होत्या तेव्हा, नेटफ्लिक्सने इतर काही डॉक्युमेंट्रींबरोबर यूट्यूबवर फुकट टाकली होती, हे आजही कित्येक शिक्षकांना माहीत नसतं. शिक्षक असाल तर आणखी एक, नेटफ्लिक्सच्या काही ठराविक डॉक्युमेंट्री वर्गात दाखवायला त्यांची परवानगी असते, त्या त्या फिल्मच्या माहितीत तसं लिहिलेलं असतं, ते वाचून मगच प्रोजेक्टर लावा.

आता आपल्याकडचं. भारतीय आणि जुनी शॉर्ट डॉक्युमेंट्री म्हटलं की निम्म्याहून जास्त वेळा मालक एकच निघतो, फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली सुरू झालेलं सरकारी खातं, मुंबईत पेडर रोडला. आता साठीच्या पुढचे जे आहेत त्यांना आठवत असेल, थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी यांची रीळ दाखवणं सक्तीचं होतं आणि लोक तेवढ्यात बाहेर उभं राहून सिगारेट ओढायचे. त्यामुळे 'सरकारी डॉक्युमेंट्री' म्हणजे धरणं, खतं आणि कुटुंबनियोजन अशी एक समजूत बसलीय. पण आठ हजारांवर फिल्म आहेत हो त्यांच्याकडे, आणि त्यात काही अशा आहेत की आज बघून थक्क व्हायला होतं. एस. एन. एस. शास्त्रींची 'आय ॲम ट्वेंटी' बघा, १९६७ ची, देशाला वीस वर्षं झाली म्हणून १९४७ मधे जन्मलेल्या पोरापोरींना गाठून विचारलंय की तुम्हाला या देशाबद्दल काय वाटतं, आणि सरकारच्याच पैशात ती पोरं सरकारबद्दल जे काय बोलतात ते आज कुठल्या सरकारी फिल्ममधे ऐकू येईल असं मला वाटत नाही. प्रमोद पतींची 'एक्सप्लोरर' (१९६८) तर सातेक मिनिटांचा नुसता धुमाकूळ आहे, कॉमेंट्री नाही काही नाही. मणी कौलची 'अरायव्हल' (१९८०) मुंबईत रोज येणारा माल आणि रोज येणारी माणसं यांच्यावर आहे, दादरच्या फुलबाजारात किंवा भायखळ्याच्या भाजी मंडईत पहाटे कधी गेला असाल तर ती वेगळीच लागेल.

ऑस्करपर्यंत गेलेल्या पण आहेत. फली बिलिमोरियांची 'द हाउस दॅट आनंदा बिल्ट' १९६९ च्या ऑस्करला शॉर्ट डॉक्युमेंट्रीच्या नामांकनात होती. विधू विनोद चोप्रांची 'ॲन एन्काउंटर विथ फेसेस', मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांवरची, १९७९ ला. आणि ऑस्करचं नाही, पण आपल्या विजया मुळे यांचं 'एक अनेक और एकता', जे दूरदर्शनवर बघत एक पिढी मोठी झाली, ते पण १९७४ चं फिल्म्स डिव्हिजनचंच, डॉक्युमेंट्री नाही ती, ॲनिमेशन आहे, पण सापडतं याच मालकाकडे म्हणून सांगितलं.

हे फिल्म्स डिव्हिजन खातं २०२२ मधे एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, पुण्याचं फिल्म अर्काइव्ह, चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी वगैरे पण त्याच वेळी गेलं, त्यामुळे आज हक्कांबद्दल विचारायचं तर एनएफडीसीला. पण बघायला आधी फिल्म्स डिव्हिजनच्या नावाचं यूट्यूब चॅनेल आहे तेच गाठा, खूप मोठा साठा तिथे मोकळा आहे. तिथे शोधताना दोन अडचणी येतात. एक म्हणजे या फिल्म अनेक भाषांत डब व्हायच्या, त्यामुळे एकच फिल्म इंग्रजीत एका नावाने आणि हिंदीत दुसऱ्या नावाने पडलेली असते, तुम्ही लहानपणी मराठी कॉमेंट्रीची बघितलेली असेल आणि चॅनेलवर इंग्रजीच असेल असंही होतं. दुसरं म्हणजे मुळातच एका फिल्मला दोन नावं असतात, सुखदेव यांची 'इंडिया ६७' कुठे त्या नावाने सापडते तर कुठे 'ॲन इंडियन डे' म्हणून. म्हणून पुन्हा तेच, आडनाव आणि साल.

चॅनेलवर नाहीच मिळाली तर पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, तिथे अभ्यासासाठी फिल्म बघायची सोय रीतसर अर्ज आणि फी भरून होते. हे ऑनलाइन नाही हे मला कळतंय, पण पुण्यात राहून महिनाभर इंटरनेट खणत बसणारे लोक मी बघितलेत आणि त्यांच्या घरापासून ते ठिकाण रिक्षाच्या अंतरावर असतं. इंडियनसिने.मा नावाची साइट पण बघा, फिल्म नसली तरी माहिती, निर्माता, साल हे मिळतं आणि तेवढ्यावर पुढचं काम होतं. तिचीच मोठी बहीण म्हणजे पॅड.मा, २००८ पासून आहे, तिथे अख्ख्या फिल्मपेक्षा डॉक्युमेंट्रीवाल्यांचं कच्चं फुटेज जास्त.

सरकारी खात्यांमधे आणखी थोडं सांगतो. लेखक-कवींवरची फिल्म असेल तर साहित्य अकादमी बघायची, त्यांनी लेखकांवर फिल्म करवून घेतल्यात आणि त्यांचं यूट्यूब चॅनेल आहे. दूरदर्शनची असेल तर प्रसार भारती अर्काइव्हचं चॅनेल, आणि नोव्हेंबर २०२४ मधे गोव्यात इफ्फीत त्यांनी 'वेव्हज' नावाचं ओटीटी सुरू केलं ते. २००० नंतरची, इंग्रजी-हिंदी, अर्ध्या तासाची, सामाजिक विषयावरची असेल तर पीएसबीटी म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट, यांच्या पण भरपूर फिल्म यूट्यूबवर आहेत आणि दुर्दैवाने व्ह्यूज बघितले तर वाईट वाटतं.

महाराष्ट्रातल्या गावाकडच्या विषयावरची असेल तर पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारतावरची वेबसाइट) आधी बघा, पी. साईनाथांनी २०१४ च्या डिसेंबरमधे सुरू केलेलं. त्यांच्या स्टोऱ्यांत मधेच व्हिडिओ असतात, आणि बऱ्याच लोकांना ते फक्त लेख वाटतात म्हणून ती फिल्म तिथे आहे हेच कळत नाही. जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव जाऊन जमवलेल्या लाखभर ओव्या, त्या आता पारीवर येतायत, आणि ज्या बायकांनी त्या गायल्या त्यांना पुन्हा भेटून केलेले छोटे व्हिडिओ सोबत आहेत. कुंडलच्या तुफान सेनेचे स्वातंत्र्यसैनिक कॅप्टन भाऊ यांच्यावरचं आहे, १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रजांचा पगार लुटला ती हकिकत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळते. पारीचं बरंचसं मराठीतही असतं, आई-बाबांना लिंक पाठवायला बरं.

स्वतंत्र दिग्दर्शकांचं वेगळं. तिथे मालक म्हणजे तो माणूसच. आनंद पटवर्धन यांच्या फिल्म ओटीटीवर शोधू नका, त्यांची साइट आणि त्यांचं यूट्यूब चॅनेल बघा. त्यांच्या लांब फिल्म सगळ्यांना माहीत असतात पण 'ऑक्युपेशन: मिल वर्कर' ही १९९६ ची बावीस मिनिटांची, बंद गिरणी कामगारांनी ताब्यात घेतली त्यावरची, ती बघा, आज लोअर परळला मॉलमधे कॉफी पिताना ती फिल्म डोक्यात असली की पायाखालची जमीन जरा वेगळी वाटते. अशा माणसांच्या बाबतीत एक पथ्य पाळा, त्यांच्या स्वतःच्या चॅनेलवरच बघा, दुसऱ्या कोणी उचलून टाकलेल्या कॉपीवर नको.

नारायण सुर्व्यांवरची डॉक्युमेंट्री कुठे मिळेल असं विचारणारे खूप भेटतात आणि गंमत म्हणजे दोघेजण विचारतात तेव्हा दोघांच्या डोक्यात वेगळी फिल्म असते. एक अरुण खोपकरांची 'नारायण गंगाराम सुर्वे', आणि दुसरी अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांची 'साचा', २००१ ची, ज्यात सुर्वे आहेत आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत आणि मुंबई आहे. ज्याला एक हवी असते तो दुसरी बघून 'ही ती नव्हे' म्हणत बसतो. म्हणून फिल्ममधलं एक दृश्य तरी नक्की आठवून ठेवा, कोणी नट होता का, कोणी चित्रकार होता का, कॉमेंट्री कोणत्या भाषेत होती. मोंतेरो-जयशंकर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवायचे, त्यांच्या त्या मीडिया स्कूलच्या विद्यार्थ्यांनी मुंबईवर केलेल्या छोट्या फिल्मचा मोठा ढीग आहे, तुम्ही बघितलेली फिल्म मुंबईवरची आणि नवख्या पोरांनी केलेली वाटली असेल तर तिकडेही एक नजर टाका.

बरं, मालक कोण हे कसं कळणार? फिल्मच्या शेवटी नावं येतात ना, त्यातल्या शेवटच्या दोन ओळी. ते आता तुमच्याकडे नाही. मग आयएमडीबीवर फिल्मचं पान उघडा आणि तिथे कंपनी क्रेडिट्स म्हणून एक भाग असतो तो बघा, निर्माता कोण, वितरक कोण. लोक रेटिंग बघतात आणि परत येतात, खरा माल त्या भागात आहे. पण सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे फेस्टिव्हलचं कॅटलॉग. प्रत्येक फिल्मच्या माहितीखाली बारीक अक्षरात 'प्रिंट सोर्स' किंवा 'कॉन्टॅक्ट' अशी एक ओळ असते आणि तिथे चक्क ईमेल दिलेला असतो. मुंबईचा मिफ घ्या, १९९० पासून एक वर्षाआड होणारा डॉक्युमेंट्री-शॉर्ट-ॲनिमेशनचाच फेस्टिव्हल, केरळचा तिरुवनंतपुरमचा घ्या, किंवा ॲमस्टरडॅमचा इडफा, ज्याच्या साइटवर जुन्या वर्षांतल्या फिल्मची पानंसुद्धा जागेवर असतात. पीडीएफ मिळत नसेल तर फेस्टिव्हलच्या ऑफिसला विचारा, देतात. फेस्टिव्हलची साइट दरवर्षी बदलून जुनं पुसून टाकतात काही ठिकाणी, तेव्हा वेबॅक मशीन नावाच्या, जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर त्या सालाचं पान उघडायचं, व्हिडिओ नाही मिळत पण ती संपर्काची ओळ मिळते.

ईमेल मिळाला की सरळ लिहा. घाबरू नका, या लोकांना असे मेल फार कमी येतात आणि आले की आनंद होतो. पण लिहायची पद्धत असते. 'सर लिंक पाठवा' एवढ्यावर कोणी पाठवत नाही, कारण त्यांना वाटतं हा डाउनलोड करून कुठेतरी चढवणार. मी लोकांना साधारण असं लिहायला सांगतो:

'नमस्कार, अमुक फेस्टिव्हलला तुमची फिल्म बघितली. त्यातला अमुक प्रसंग अजून डोक्यात आहे. माझ्या आई-वडिलांना ती दाखवायची इच्छा आहे. ऑनलाइन कुठे उपलब्ध असेल तर कळवाल का? नसेल आणि तुम्ही थोड्या दिवसांसाठी बघण्यापुरती लिंक देत असाल तर त्याचे जे पैसे असतील ते सांगा. लिंक दुसऱ्या कोणाला देणार नाही.'

बस. प्रसंगाचं नाव घेतल्यामुळे तुम्ही खरंच बघितलीय हे कळतं, आणि पैशांचं तुम्ही आधी काढल्यामुळे त्यांना अवघड होत नाही, बरेचजण मग घेतही नाहीत. मराठी दिग्दर्शक असेल तर मराठीतच लिहा. उत्तरात बहुतेक विमिओची लिंक आणि पासवर्ड येतो, तो लगेच बघून घ्या, कारण पासवर्ड नंतर बदलतात.

आणि उत्तर 'अजून ऑनलाइन नाही' असं आलं तर रागावू नका, त्यामागे कारण असतं. नवी शॉर्ट वर्ष-दोन वर्षं फेस्टिव्हलांमधे फिरते, आणि बऱ्याच फेस्टिव्हलांना ती आधीच नेटवर असलेली चालत नाही. ऑस्करच्या स्पर्धेत उतरायचं असेल (तिथे शॉर्ट म्हणजे नावांसकट चाळीस मिनिटांच्या आत) तर तिथे पात्र ठरायच्या आधी नेटवर टाकली की गेली बाद. त्यानंतर कोणी पेपर किंवा मासिक विकत घेईल का याची वाट बघतात. म्हणजे २०२३ ला फेस्टिव्हलला बघितलेली फिल्म २०२५ ला यूट्यूबवर अवतरली असं अगदी नेहमी होतं. दिग्दर्शकाच्या इन्स्टाग्रामला फॉलो करून ठेवा, ज्या दिवशी टाकतील त्या दिवशी पहिली पोस्ट तिथेच येईल. बाकी कुठे अलर्ट लावून फायदा नाही.

परदेशातल्या आपल्या लोकांसाठी, म्हणजे एडिसन, सॅन होजे, मेलबर्नकडे असाल तर कॅनोपी बघा, तुमच्या सार्वजनिक लायब्ररीच्या कार्डावर चालतं, फुकट आणि डॉक्युमेंट्रीने भरलेलं. इथून नुसतं तोंडाला पाणी सुटतं. उलट पीबीएस या अमेरिकन सार्वजनिक टीव्हीच्या पीओव्ही या डॉक्युमेंट्री मालिकेतल्या शॉर्ट बऱ्याचशा फक्त अमेरिकेत चालतात, आपल्याला 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' दिसतं. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचं तसं नाही, त्यांच्या साइटवर फिल्म बघायची सोय २००९ पासून आहे आणि हजारो फिल्म भारतातून सरळ चालतात, मुलांना डॉक्युमेंट्रीची गोडी लावायची असेल तर मी तिथूनच सुरुवात करीन. स्वातंत्र्याआधीचा भारत बघायचा असेल तर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'इंडिया ऑन फिल्म' आणि ब्रिटिश पाथे ही जुने बातमीपट करणारी कंपनी, पाथेने २०१४ मधे पंचाऐंशी हजार फिल्म एकदम यूट्यूबवर ओतल्या. मात्र जुन्या फिल्मची शीर्षकं जशीच्या तशी खरी धरू नका, 'पॅनोरमा ऑफ कलकत्ता' म्हणून १८९९ ची एक फिल्म प्रसिद्ध आहे आणि त्यात दिसतात बनारसचे घाट.

टेलिग्रामचं विचाराल म्हणून आधीच सांगतो. टेलिग्रामवरच्या कॉप्या मी घेत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. दोनशे कोटींच्या सिनेमाचं काय व्हायचं ते होवो, पण शॉर्ट डॉक्युमेंट्रीवाल्याचं अख्खं उत्पन्न कधीकधी त्या एका पेपरच्या खरेदीवर असतं, आणि फुटलेली कॉपी फिरतेय हे कळलं की ती खरेदी अडते. शिवाय त्या कॉप्या अर्धवट असतात, कडा कापलेल्या, सबटायटल नाहीत. यूट्यूबवर 'फुल डॉक्युमेंट्री' लिहिलेलं आणि आत दोन मिनिटांचा ट्रेलर, हे तर रोजचंच.

काही फिल्म मात्र खरंच कुठेच नसतात. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मधे मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली, भारतातली पहिली डॉक्युमेंट्री म्हणून पुस्तकात तिचं नाव येतं, पण ती आज उरलेलीच नाही, त्यामुळे कोणी लिंक दिली तर ती दुसरंच काहीतरी असणार. फाळक्यांनी १९१७ मधे सिनेमा कसा बनतो यावर छोटी फिल्म केली होती, तिचे तुकडे उरलेत आणि तेवढे बघायला मिळतात. पण तुम्ही तुमची फिल्म हल्लीच फेस्टिव्हलला बघितलीय म्हणजे ती कोणाच्या तरी हार्डडिस्कवर सुखरूप आहे.

एक शेवटचं, घरी आई-बाबांना दाखवणं वेगळं आणि सोसायटीच्या हॉलमधे किंवा गणपतीत प्रोजेक्टर लावून दाखवणं वेगळं. यूट्यूबवर फुकट आहे म्हणजे हॉलमधे दाखवायची परवानगी आहे असं होत नाही. त्यासाठी त्याच मालकाला वेगळं विचारायचं, बहुतेकजण आनंदाने हो म्हणतात, कोणी थोडं मानधन मागतात, आणि दिग्दर्शक जवळच्या गावात असेल तर स्वतः येऊन बोलतातसुद्धा.

तुमच्या प्रश्नात फिल्मचं नाव नाहीये. कुठला फेस्टिव्हल आणि कोणतं साल एवढं सांगा, नाव नीट आठवत नसेल तरी चालेल, विषय आणि भाषा सांगा, कॅटलॉग माझ्याकडे बरेच साठलेत, मालक शोधून देतो. मेल मात्र तुम्हीच लिहायचा.